जुन्या बाटलीचे बूच

शाळेच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे न उघडलेली एखादी रसायनाची बाटली असतेच. तिचे बूच हळू ओढले तर निघत नाही. जोराने ओढले तर वरचा अर्धा भाग हातात येतो आणि उरलेला बाटलीच्या मानेत तसाच रुतून बसतो. मग कोणी तो चाकूने कोरतो, कोणी पेन्सिलीने आत ढकलून देतो, आणि द्रावणावर बुचाचा भुगा तरंगू लागतो. दहा रुपयांच्या रसायनाच्या बाबतीत हे खपून जाते. पण बाटलीतला द्रव शंभर वर्षांपूर्वीचा असेल, आणि बूचही तितकेच जुने असेल, तर?

युरोपातील वाइनच्या तळघरांत हा प्रश्न गेली दोन-अडीचशे वर्षे विचारला जात आहे. वाइनच्या बाटलीला शिक्षकांच्या मासिकात काय काम, अशी शंका काही वाचकांना येईल. आमचा रस बाटलीतल्या द्रवात नाही. तिच्या तोंडात बसवलेल्या पावणेदोन-दोन इंचांच्या बुचात आहे. एक साधी वस्तू दुसऱ्या साध्या वस्तूतून अखंड बाहेर काढायची, एवढ्याशा कामासाठी माणसाने घर्षण, तरफ, मळसूत्र, चिकटपणा आणि काचेचे प्रसरण-आकुंचन यांचा जो उपयोग केला, तो पाहण्याजोगा आहे.

आधी बुचाविषयी. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला ज्याची पांढरी, लांब दांड्याची, सुवासिक फुले पहाटे सडा घालतात त्या झाडाला आपण बुचाचे झाड म्हणतो. त्याच्या सालीपासून हलक्या प्रतीचे बूच करत असत, म्हणून ते नाव. खरे बूच मात्र भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागातील एका जातीच्या ओक वृक्षाची साल होय. जगातील सुमारे निम्मे बूच एकट्या पोर्तुगालमध्ये तयार होते. झाड साधारण पंचवीस वर्षांचे झाले की त्याची साल पहिल्यांदा सोलतात आणि पुढे दर नऊ वर्षांनी. पहिल्या दोन खेपांची साल बाटल्यांच्या बुचांना चालत नाही. म्हणजे ज्याने झाड लावले त्याला त्याचे चांगले बूच मिळेपर्यंत चाळीसहून अधिक वर्षे थांबावे लागते.

याच सालीचा पातळ काप रॉबर्ट हूक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि १६६५ साली आपल्या ग्रंथात त्याचे चित्र छापले. त्यात दिसणाऱ्या रिकाम्या कप्प्यांना त्यांनी जे नाव दिले, त्याचेच भाषांतर आपण आज ‘पेशी’ असे करतो. हूक यांनी केलेली मोजदाद वर्गात करून घेण्यासारखी आहे. एका इंचाच्या अठराव्या भागात त्यांना साधारण ६० कप्पे ओळीने दिसले. म्हणजे एका इंचात १,०८०. चौरस इंचात ११,६६,४००. आणि घन इंचात १,२५,९७,१२,०००. हा आकडा त्या काळच्या लोकांना अविश्वसनीय वाटेल हे हूक जाणून होते. आज एका घन सेंटिमीटर बुचात सुमारे चार कोटी पेशी असतात असे मानतात. हूक यांचा हिशेब घन सेंटिमीटरमध्ये बदलला तर पावणेआठ कोटींच्या आसपास येतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या साधनांनी केलेले मोजमाप दुपटीच्या आत बसते!

या पेशी मृत असतात. आत वायू भरलेला आणि भिंतींत पाणी शिरू न देणारा मेणासारखा पदार्थ. त्यामुळे बूच पाण्यावर तरंगते, भिजत नाही आणि दाबले की दबते. पण त्याचा सर्वांत उपयोगी गुण वेगळाच आहे. रबराचा तुकडा एका बाजूने दाबला की तो दुसऱ्या बाजूने फुगतो. बूच जवळजवळ फुगत नाही. पेशींच्या भिंती चुण्या पडून मिटतात, एवढेच. पदार्थविज्ञानाच्या भाषेत, बुचाचे पॉयसाँ गुणोत्तर शून्याजवळ असते. म्हणूनच सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचे बूच आवळून, वरून ढकलून, १८.५ मिलिमीटरच्या तोंडात बसवता येते. तेवढ्या जाडीचे रबर बसवू गेलो तर ढकलताना तेच अधिक जाड होऊन अडून बसेल. आत गेल्यावर बूच पुन्हा मूळ आकाराकडे जाऊ पाहते आणि काचेवर चहूबाजूंनी दाब देत राहते. बाटली बंद राहते ती या दाबामुळे, आणि उघडताना त्रास होतो तोही त्यामुळेच.

मजेची गोष्ट अशी की, सुरुवातीला हा त्रास नव्हता. इंग्लंडात १६१५ साली राजाज्ञेने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळण्यास बंदी झाली, कारण जहाजांसाठी लाकूड हवे होते. भट्ट्या दगडी कोळशावर चालू लागल्या, उष्णता वाढली आणि काच अधिक जाड, अधिक मजबूत होऊ लागली. त्या काळच्या बाटल्या कांद्यासारख्या बुटक्या असत. बूच अर्धे आत, अर्धे बाहेर. वरून दोरीने बांधलेले. ते बोटांनी धरून काढता येई. पुढे बाटली सरळ नळकांड्यासारखी झाली. ती आडवी ठेवली की वाइन बुचाला भिजवत राहते, बूच वाळून आकसत नाही आणि वाइन वर्षानुवर्षे टिकते, हे लोकांच्या ध्यानात आले. त्यासाठी बूच पूर्ण आत, काचेच्या कडेशी सपाट बसवणे आले. आता बोटांना धरायला काही उरले नाही.

उपाय तयारच होता, पण तो बंदुकवाल्यांकडे. नळीत अडकलेली दारूची गोळी किंवा चिंध्यांचा बोळा काढण्यासाठी सैनिक पोलादी मळसूत्री आकडा वापरत. नेहेमाया ग्र्यू या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १६८१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या संग्रहाची सूची छापली. तिच्यात एका वस्तूचे वर्णन करताना त्यांनी बाटलीचे बूच काढण्याच्या पोलादी ‘किड्या’ची उपमा दिली आहे. उपमा देताना आपण वाचकाला ठाऊक असलेलीच वस्तू निवडतो. त्यावरून तोवर ते साधन घरोघरी नसले तरी परिचयाचे झाले होते, असे दिसते. कॉर्कस्क्रूचा जनक कोण, हे यामुळेच सांगता येत नाही. तो बहुधा एखादा अनाम लोहार असावा.

पहिले पेटंट मात्र एका पाद्रीबुवांच्या नावावर आहे. सॅम्युएल हेनशॉल यांनी १७९५ साली ते इंग्लंडात घेतले आणि बर्मिंगहॅमचे प्रसिद्ध कारखानदार मॅथ्यू बोल्टन (जेम्स वॉट यांचे भागीदार तेच हे) यांच्याकडून साधन बनवून घेतले. हेनशॉल यांनी केलेली सुधारणा दिसायला क्षुल्लक होती. मळसूत्राच्या वरच्या टोकाशी, मुठीखाली, त्यांनी खाचा पाडलेली एक चकती बसवली. मळसूत्र पुरते आत गेले की चकती बुचाच्या माथ्यावर दाबून बसते. आता मूठ आणखी फिरवली तर मळसूत्र पुढे जाऊ शकत नाही. चकतीने पकडलेले बूचच जागच्या जागी फिरते. काचेला चिकटलेला त्याचा सांधा सुटतो, आणि मग ओढणे सोपे होते. या साधनावर लॅटिनमध्ये एक बोधवाक्य कोरलेले असे: अडून राहिल्याने पुढे जाता येते, अशा अर्थाचे. पाद्रीबुवांना विनोदबुद्धी होती म्हणायची.

फिरवल्याने ओढणे सोपे का होते? आपल्यापैकी प्रत्येक विज्ञानशिक्षकाने काचेची नळी बुचाच्या भोकात बसवताना ती ग्लिसरीन लावून, फिरवत फिरवत सरकवलेली असते. तिथेही कारण तेच. घर्षण नेहमी प्रत्यक्ष सरकण्याच्या दिशेच्या विरुद्ध असते. बूच नुसते सरळ ओढले तर सारे घर्षण ओढण्याच्या विरोधात उभे राहते. तेच फिरवत ओढले तर बुचाचा पृष्ठभाग तिरका सरकतो आणि घर्षणही तिरके होते. ओढण्याच्या वाट्याला त्याचा केवळ एक घटक येतो. वरच्या वर्गांसाठी उदाहरण असे: बुचाचा पृष्ठभाग वर १ मिलिमीटर सरकताना आडवा ३ मिलिमीटर फिरत असेल, तर सरळ ओढण्यातील विरोध १ भागिले १० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.३२ पट राहतो. ज्याला ३० किलोग्रॅम वजनाइतका जोर लागला असता ते साडेनऊ किलोग्रॅमला निघते. श्रम मात्र वाचत नाहीत. फिरवण्यासाठी हाताला जादा काम करावेच लागते. घट्ट मिटलेल्या मुठीतून पेन्सिल सरळ ओढून आणि मग फिरवत ओढून मुलांना हा फरक लगेच जाणवतो.

एकोणिसाव्या शतकातील शोधकांनी हेनशॉल यांचा हा विचार बाजूला ठेवला आणि ते जोर वाढवण्याच्या मागे लागले, असे आमचे मत आहे. एडवर्ड थॉमसन यांनी १८०२ साली असे यंत्र केले की मूठ एकाच दिशेने फिरवत राहिले की मळसूत्र आत जाते आणि पुढे तीच फिरत बूच वर आणते. जर्मनीतील रोस्टॉक येथील कार्ल वीन्के यांनी १८८२ साली खिशातल्या चाकूसारखे मिटणारे साधन काढले. त्याचा पाय बाटलीच्या काठावर टेकवायचा आणि तरफेसारखे उचलायचे. उपाहारगृहांतील वाढप्यांच्या खिशात ते आजही असते. दोन पंखांचे, दट्ट्यांचे, दात्यांचे असे शेकडो नमुने निघाले. नव्या, मजबूत बुचासाठी ते सारे उत्तम आहेत. तेथे लागणारा जोर साधारणपणे २० ते ४० किलोग्रॅम वजनाइतका असतो आणि बूच तो सहज सोसते.

जुन्या बुचाचे तसे नाही. येथे दोन पकडींचा विचार करायला हवा. एक, बुचाची काचेशी असलेली पकड. दुसरी, बुचाच्या कणांची आपसातली पकड. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत आसंजन आणि संसंजन. नव्या बुचात दुसरी पहिलीपेक्षा खूप मोठी असते, म्हणून ते सलग निघते. पुढे तीस, चाळीस, साठ वर्षांत वाइन खालून बुचात मुरत जाते, भिंती मऊ पडतात, लवचिकपणा जातो. वरचा भाग कोरडा होऊन ठिसूळ होतो, कधी बुरशीने खाल्लेला असतो. त्याच वेळी वाइनमधील साखर आणि रंगद्रव्ये बूच व काच यांच्या फटीत वाळून डिंकासारखी धरतात. एक पकड सैल होत जाते, दुसरी काही ठिकाणी घट्ट होत जाते. अशा बुचाच्या मध्यभागी मळसूत्र घालून ओढले की मधला भाग मळसूत्राबरोबर येतो आणि कडा काचेला धरून राहतात. किंवा वरचा अर्धा येतो, खालचा राहतो. तरफ कितीही चांगली असली तरी ती फक्त हे अधिक लवकर घडवून आणते.

मळसूत्राचा आकारही येथे महत्त्वाचा ठरतो. सुताराच्या गिरमिटासारखे, मध्ये भरीव दांडा असलेले मळसूत्र बुचात भोकच पाडते. त्यापेक्षा नुसत्या तारेचे वेटोळे, ज्याच्या पोकळीतून आगकाडी आरपार जाईल असे, बुचाला कमी दुखावते. अमेरिकेतील ह्यूस्टनचे अभियंते हर्बर्ट अ‍ॅलन हे तेलविहिरींच्या यंत्रसामग्रीत मुरलेले गृहस्थ. त्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस अशा लांब वेटोळ्यावर टेफ्लॉनचा थर दिला. घर्षण इतके कमी झाले की बाटलीवर टेकवलेल्या चौकटीत मूठ एकाच दिशेने फिरवत राहिले की बूच मळसूत्रावर आपोआप चढत येते. झटका नाही, हिसका नाही. बेताच्या जुन्या बुचांना हे चालते.

पण बुचात काही खुपसायचेच कशाला? हा प्रश्न अमेरिकेत १८७९ साली लुशियन ममफर्ड यांच्या पेटंटात सोडवलेला दिसतो. मूठ आणि तिला जोडलेली दोन पातळ, लवचिक पोलादी पाती. एक जरा लांब, एक जरा आखूड. लांब पाते आधी बूच आणि काच यांच्यामध्ये सरकवायचे, मग समोरच्या बाजूने आखूड. मूठ आळीपाळीने दोन्हीकडे कलती करत पाती खाली उतरवायची. दोन्ही पुरती उतरली की फिरवत फिरवत वर घ्यायचे. पाती उतरताना काचेशी जडलेला सांधा कापत जातात आणि बुचाला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात. बूच आता आतून ओढले जात नाही; बाहेरून धरून आणले जाते. हेनशॉल यांचे फिरवणे येथे शंभर वर्षांनी परत आलेले दिसेल. मॅशिल कन्व्हर्स यांनी १८९२ साली यात सुधारणा केली आणि ‘जादूचा बूचकाढ्या’ अशा अर्थाच्या नावाने ते बाजारात आले.

याने बुचाला भोक पडत नाही. त्यावरून अशी कथा रूढ झाली की लबाड नोकर मालकाची उंची वाइन गुपचूप पिऊन, हलकी भरून, तेच बूच परत बसवत. इंग्रजीत या साधनाला ‘खानसाम्याचा मित्र’ म्हणतात ते त्यामुळे. कथा रंगतदार आहे; खरी किती, हे त्या खानसाम्यांनाच ठाऊक. याची एक उणीव मात्र खरी आहे. बूच आकसून सैल झाले असेल तर पाती उतरवतानाच ते खाली सरकते आणि वाइनमध्ये पडते.

जाता जाता: याच १८९२ साली विल्यम पेंटर यांना पत्र्याच्या दातेरी झाकणाचे पेटंट मिळाले. सोड्याच्या बाटलीवर आपण पाहतो तेच. त्याच्या आत पूर्वी बुचाची पातळ चकती असे. आमच्या पिढीतील वाचकांनी ती नखाने सोलून काढलेली असेल. त्याही आधी, १८७० च्या दशकात, हायरम कॉड यांची गोटी सोड्याची बाटली निघाली होती. बुचाच्या कटकटीवर काहींनी बूचच टाळून मार्ग काढला तो असा.

उलट टोकाचा मार्ग म्हणजे बूच आहे तसे ठेवून बाटलीच कापणे. हा पोर्तुगालच्या पोर्ट नावाच्या गोड, जड वाइनच्या बाबतीत रूढ झाला. ही वाइन बाटलीत अनेक दशके ठेवतात. तिच्या पुष्कळ बाटल्यांची मान मध्ये किंचित फुगीर असते. लांब बूच त्या फुगवट्यात सैलावते आणि मग तोंडापेक्षा खालचा भाग जाड होतो. जुने, मऊ पडलेले असे बूच अरुंद तोंडातून सलग निघणे जवळजवळ अशक्यच. म्हणून लांब दांड्यांचे, टोकाशी गोल कडे असलेले लोखंडी चिमटे तापवून लाल करतात. कडे बुचाच्या खाली मानेभोवती मिनिटभर धरतात, काढतात आणि लगेच त्या जागी थंड पाण्यात भिजवलेले फडके फिरवतात. टिच् असा आवाज होतो आणि मान कड्याच्या रेषेवर सरळ तुटते. बूच त्या तुकड्यात जसेच्या तसे राहते.

दोरा रॉकेलमध्ये भिजवून बाटलीभोवती गुंडाळायचा, पेटवायचा आणि पाण्यात बुडवायचे, हा खेळ खेड्यापाड्यांत पुष्कळांनी केलेला असतो. तत्त्व तेच. तापलेल्या काचेचा बाहेरचा थर एकदम थंड झाला की तो आकुंचन पावू पाहतो; आतला गरम थर त्याला आकसू देत नाही. परिणामी बाहेरच्या थरावर ताण येतो. काच दाब पुष्कळ सोसते, ताण फार थोडा. हिशेब करून पाहू. साध्या काचेचे रेषीय प्रसरण दर अंशाला लांबीच्या सुमारे दशलक्षांश ९ भाग आणि तिचा यंग गुणांक सुमारे ७० अब्ज पास्कल. शंभर अंशांच्या फरकाला ताण येतो ६३ दशलक्ष पास्कल, म्हणजे वातावरणदाबाच्या सहाशेपटीहून अधिक. पृष्ठभागावर बारीक ओरखडे असलेली रोजच्या वापरातील काच बहुधा इतके सोसत नाही. हिशेब वर्गात जरूर करावा. प्रयोग मुलांच्या हाती देऊ नये.

एकविसाव्या शतकात अमेरिकेत निघालेले ‘ड्युरँड’ हे साधन या साऱ्या कथेचा आतापर्यंतचा शेवटचा टप्पा म्हणता येईल. अटलांटा येथील इव्ह ड्युरँड या वाइनतज्ज्ञांचे नाव त्याला दिले आहे. यात नवे काहीच नाही, आणि आम्हाला तेच आवडते. आधी तारेचे वेटोळे बुचात घालायचे, पण ओढायचे नाही. त्याचा आडवा दांडा बाटलीच्या तोंडावर टेकतो आणि बूच खाली सरकू देत नाही. मग दोन पाती कडेने उतरवायची. शेवटी दोन्ही मुठी एकत्र धरून फिरवत वर घ्यायचे. वेटोळे बुचाला मधून सांभाळते, पाती कडेने सोडवतात. ममफर्ड यांच्या पात्यांची उणीव मळसूत्राने भरून काढली आणि मळसूत्राची पात्यांनी. दोन्ही साधने शंभर वर्षे एकाच खणात पडून होती!

एवढा खटाटोप केवळ भुगा गाळण्याचा कंटाळा म्हणून होत नाही. भुगा तर कापडातून गाळता येतो. जुन्या बाटलीची चिठ्ठी ओलीने गळून पडते. काचेवर नाव नसते. मग ती कोणाची, कोणत्या सालची, याची खूण उरते ती बुचावर डागलेल्या अक्षरांत. बूच चुरले की दाखला गेला. १९८५ साली लंडनमध्ये १७८७ ची म्हणून एक बाटली १,०५,००० पौंडांना लिलावात विकली गेली. तिच्यावर थॉमस जेफर्सन यांची मानलेली आद्याक्षरे कोरलेली होती. न्यूयॉर्कमध्ये ती प्रदर्शनात प्रखर दिव्याखाली उभी ठेवली. बूच वाळले, आकसले आणि आत पडले. पुढे त्याच संचातील इतर बाटल्यांवरील अक्षरे विजेच्या हत्याराने कोरलेली असल्याचे मत जाणकारांनी दिले. काही उत्पादक तर जुन्या बाटल्यांची बुचे वेळीच बदलून देतात. ऑस्ट्रेलियातील पेनफोल्ड्स यांनी १९९१ पासून त्यासाठी शिबिरे भरवली आहेत. बाटली उघडायची, तपासायची, नवे बूच बसवून प्रमाणपत्र द्यायचे.

बाल्टिक समुद्रात ओलांद बेटांजवळ २०१० साली पाणबुड्यांना सुमारे ५० मीटर खोलीवर एका बुडालेल्या जहाजात शँपेनच्या १६८ बाटल्या सापडल्या. अंधार, दोन ते चार अंश तापमान आणि चहूकडे पाणी. बुचे सुमारे १७० वर्षे ओली राहिली होती. चिठ्ठ्या अर्थातच नव्हत्या. बाटल्या कोणकोणत्या घराण्यांच्या, हे कळले ते बुचांवरील डागलेल्या खुणांवरून. आणि त्या खुणा होत्या बुचाच्या खालच्या, वाइनला टेकलेल्या तोंडावर: जो भाग सर्वांत आधी मऊ पडतो, आणि घाईने ओढले तर बाटलीच्या मानेत मागे राहतो तोच.